टाकलेले एक्के

७ मार्च, शनिवार

ठमे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद फार तर फाडता येतो, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. माझं अक्षर लागत नाही असं म्हणू नकोस. शाळेच्या चिठ्ठ्यांवर माझी सही तूच करायचीस, आणि ती माझ्यापेक्षा बरी यायची.

इकडे सगळं ठीक. तुझी आई असती तर म्हणाली असती, ‘सगळं ठीक असेल तर पत्र इथेच संपलं, पुढचा कागद कशाला खराब करताय?’ तर सगळं ठीक नाही, पण तक्रार करावी असंही काही नाही. हॉस्पिटलची मोठी लिफ्ट, स्ट्रेचरवाली, तिसऱ्या मजल्यावर पुन्हा चार बोटं खाली थांबायला लागलीय. ब्रेकचे पट्टे झिजलेत. नवे मागवलेत, ते येईपर्यंत रोज सकाळी तिची हालहवाल विचारायला जावं लागतं. हे वाचून तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. शेवटच्या फोनवर म्हणालीसच, ‘बाबा, तुमची लिफ्ट कधीच दुरुस्त होणार नाही.’ आणि ठेवलास. त्यानंतर घंटा नुसती वाजतच राहते.

शनिवारी मी अजून क्लबात जातो, शिंप्याच्या दुकानावरच्या त्या लांब खोलीत. खेळ तोच, पोकर. तुझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा तूच मला शिकवलास, पैशांऐवजी माझ्या हत्यारांच्या पिशवीतले लोखंडी वायसर लावून. आई ओरडायची की घरात पाय ठेवावा तिथे वायसर टोचतात. परवा कपाटाखाली झाडताना एक सापडला. तिथेच राहू दिलाय.

क्लबात का जातो, खरं सांगू? तिथे समोरची माणसं माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. माझ्या हातात काय आहे ते ओळखायला बघतात, मला ठाऊक आहे, पण बघतात तरी. घरी माझ्याकडे कोण बघतं? आरसा, तोही दाढीपुरता.

एक गंमत. मागच्या वर्षी एका स्पर्धेचे पैसे भरून मी जायलाच विसरलो. घरी घोरत पडलो होतो. पण नियम असा, की पैसे भरलेत तर तुमच्या खुर्चीपुढे चिप्स मांडायच्या, पत्तेही वाटायचे, आणि माणूस नाही म्हणून तेच पत्ते न बघता परत उचलून टाकायचे. फेरीगणिक सक्तीची बोली लागते तेवढ्या चिप्स हळूहळू झिजतात. बाकीचे आपसांत लढून बाद झाले आणि माझी रिकामी खुर्ची तेरावी आली! मी स्वतः बसून त्या वर्षात एकदाही तेरावा आलो नव्हतो. शिंपी म्हणाला, “खुर्ची तुमच्यापेक्षा शहाणी आहे, ती पत्ते टाकते.” तू मला चिकटराव म्हणायचीस ते आठवलं. हातात आलेला पत्ता माझ्याच्यानं सुटत नाही, हे तुझं पहिल्या दिवसापासूनचं मत.

पुढच्या रविवारी क्लबात तिकिटाची स्पर्धा आहे. पैसे नाहीत, बक्षीस म्हणजे एका मोठ्या स्पर्धेचं तिकीट, जाण्यायेण्याचा खर्च, हॉटेल. ती मोठी स्पर्धा तुमच्या शहरात आहे. हे आपलं सांगितलं. त्यासाठी मी खेळतोय असं नाही. रविवारी दुसरं काही नसतं, म्हणून.

जावईबापूंना विचारलं म्हणून सांग.

तुझा
बाबा


१५ मार्च, रविवार

ठमे,

तिकीट मिळालं. एप्रिलच्या अकराला स्पर्धा. विशेष काही घडलं नाही.

बाबा


१६ मार्च, सोमवार

ठमे,

कालचं पत्र पेटीत टाकून परत येताना वाटलं, आत हात घालून काढून घ्यावं. ‘विशेष काही घडलं नाही’ हे साफ खोटं आहे. आज कामावर गेलो नाही. चहा दोनदा केला आणि दोनदा विसरलो. आता सगळं सांगतो. तुला यातलं कळतंच, पण जावईबापूही वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं फोडून सांगतो, कंटाळू नकोस.

तिकिटाच्या स्पर्धेत पहिला नंबर असा नसतो. सहा तिकिटं होती. म्हणजे शेवटचे सहा उरले की खेळ बंद, सहाही जणांना सारखंच तिकीट. ज्याच्यापुढे चिप्सचा डोंगर आहे त्यालाही तेच, आणि ज्याच्यापुढे एकच चिप उरलीय त्यालाही तेच. आणि माणसं हेच विसरतात. जन्मभर पहिलं यायची सवय लावलेली असते ना.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही सात उरलो. एक जण जायचा होता. सगळ्यांत कमी चिप्स होत्या मास्तरांकडे. मास्तर म्हणजे गाणं शिकवायचे ते, आता ऐकू कमी येतं म्हणून शिकवत नाहीत. पुढच्याच हाताला सक्तीची बोली त्यांच्यावर येणार होती आणि त्यात त्यांचं होतं नव्हतं ते सगळं जाणार होतं. सगळ्यांत जास्त होत्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांच्याखालोखाल मी. तुझा बाप, हो. कसा काय, विचारू नकोस, दिवसभर चांगले पत्तेच येत नव्हते म्हणून टाकत बसलो होतो.

पत्ते वाटले. डॉक्टरीणबाईंनी आपले पत्ते पाहिले, सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या आणि म्हणाल्या, “ऑल-इन.” कोणाला ‘दात काढावा लागेल’ सांगतात ना, त्याच आवाजात. मधल्यांनी पटापट टाकले. मग मी माझ्या पत्त्यांचा कोपरा उचलला.

इस्पिकचा एक्का. बदामाचा एक्का.

जावईबापू, याहून मोठा हात सुरुवातीला मिळतच नाही. पहिल्या दोन पत्त्यांत याला हरवणारं काही नाही, पुढचे पाच पत्ते उलटल्यावरच काही उलटंसुलटं झालं तर होतं. आम्ही लोक दिवसदिवस याची वाट बघतो. माझ्या हातात आलेले एक्के मी आजवर एकदाही टाकले नव्हते. सत्त्या टाकताना माझा जीव वरखाली होतो, तिथे एक्के काय टाकणार!

आता गणित. पाचात चार वेळा मी जिंकणार. हे तूच शिकवलंस, प्लास्टरवर पेन्सिलीनं लिहून. डॉक्टरांनी प्लास्टर कापताना विचारलं, “हे काय लिहिलंय पायावर?” आणि तू म्हणालीस, “गृहपाठ.” तर पाचात चार. पण जिंकून मिळणार काय? तेच तिकीट. न खेळता पत्ते टाकले तर? मास्तर पुढच्या हातात जाणार, म्हणजे पुन्हा तेच तिकीट. आणि खेळून ते पाचवं निघालं, तर माझ्या सगळ्या चिप्स बाईंकडे, मी सातवा आणि घरी. म्हणजे खेळण्यात मिळवायचं काहीच नव्हतं, गमवायचं तेवढं होतं. तुझ्या त्या दिवसांतल्या शहाण्या चेहऱ्यानं तू सांगितलं असतंस, ‘बाबा, चांगला हात आला म्हणजे खेळलंच पाहिजे असं थोडंच आहे?’

मला हे सगळं तिथे बसल्या बसल्या कळत होतं. आणि तरी हात चिप्सकडे जात होता.

पत्ते वाटणारी पोरगी म्हणाली, “काका, तुमच्यावर आलंय.”

“माहितीय,” मी म्हणालो.

“घ्या हो वेळ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “भूल दिलीय समजा.”

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा गुडघा टेबलाखाली हलत होता, कारण मी खेळून हरलो असतो तर ते तरले असते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मग मी स्वतःलाच विचारायला लागलो, की अरे बाबा, तुला सगळं कळतंय, तर तू कशासाठी अडलायस? हाव म्हणावी तर हाव कसली, बक्षीस तर एकच आहे. आणि ते पाचवं कसं निघेल ते मी मनात रंगवायला लागलो. बाईंकडे समजा दोन दश्शा आहेत. तिसरी दश्शी उलटते. सगळे ‘अरे रे’ करतात. शिंपी पाठीवर हात ठेवतो. मी उठतो, कोट घेतो, जिना उतरतो. घरी येतो. आणि तुला लिहितो, ‘यायचं होतं गं, पण एक्के मोडले.’

ठमे, त्या ठिकाणी मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. मी हसत होतो की काय कोण जाणे, कारण वाटणारी पोरगी माझ्याकडे विचित्र बघायला लागली. एक्के घेऊन हरलेल्या माणसाला कोणी बोल लावत नाही. तूसुद्धा लावला नसतास. बाबांनी प्रयत्न केला, नशीब नव्हतं, एवढंच म्हणाली असतीस. मला जिंकायला ते पत्ते खेळायचे नव्हतेच. मला हरायला हवं होतं, आणि तेही असं, की माझ्यावर ठपका येऊ नये. मला इतकी माझीच लाज वाटली, की कानशिलं तापली.

मग मी टाकले. नुसती बोटं लावून पुढे सरकवले, पालथे. वाटणारीनं ते उचलून बाकीच्या पत्त्यांत मिसळले. झालं. बाईंनीही आपले न दाखवता टाकून दिले. त्यांच्याकडे काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि माझ्याकडे काय होतं ते तिथे कोणालाच कळलं नाही. एवढी मोठी गोष्ट माझ्या हातून झाली आणि टेबलावरचा एकही माणूस चमकला नाही. शिंपी म्हणत होता, खिडकी लावा, वारा येतोय.

पुढच्या हाताला मास्तर गेले. टाळ्या वगैरे झाल्या. मास्तर कोट घालता घालता माझ्याजवळ आले. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते मोठ्यानं बोलतात. “तुमच्याकडे मघाशी काहीतरी मोठं होतं. बराच वेळ घेतलात.”

“छे हो,” मी म्हणालो. “सत्ती आणि दुर्री.”

“मग एवढा विचार?”

“सवय आहे. टाकवत नाही मला.”

त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. त्यांना तिकीट कशाला हवं होतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जिना उतरताना ते कठड्याला धरून गेले, आणि मी वरून बघत राहिलो.

घरी येऊन दिवा लावला आणि सवयीनं तोंड उघडलं, ‘ऐकलंस का, आज काय झालं,’ म्हणून. मग बंद केलं. म्हणून हे तुला. तू वाचलंस की दोन जणांना ठाऊक होईल.

तुझा (आता अगदीच चिकटराव नसलेला)
बाबा


२ एप्रिल, गुरुवार

ठमे,

जावईबापूंचं कार्ड आलं. चारच ओळी. ‘ती पत्रं वाचते. बोलत नाही, पण वाचते. सोमवारचं पत्र दोनदा वाचलं. खोली अजून आहे, कॉटवर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.’ मी ते कार्ड तीन दिवस खिशात घालून हिंडतोय. माणूस शब्दांचा कंजूष आहे, पण कपड्यांचं लिहिलं त्यानं.

हॉस्पिटलचे पट्टे आले. बसवले. आता ती तिसऱ्या मजल्यावर अशी बरोबर थांबते, की चाकाला कळत नाही फरशी कुठे संपली आणि लिफ्ट कुठे लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिच्यात बसून खालीवर गेलो, कुठे काही बिघडलेलं सापडतंय का बघत. आता न येण्याचं कारण काय सांगणार?

म्हणून कारण सांगून टाकतो. तू दोन वर्षं ‘माझ्याकडे राहायला कधी येताय’ विचारत होतीस आणि मी ‘बघू, बघू’ करत होतो. तुला वाटलं असेल, बापाला लेकीकडे राहायचा कमीपणा वाटतो. तसं नाही. तुझी आई गेली त्यानंतर मी या घरात एकटा असतो तेव्हा ती कुठेतरी बाहेर गेल्यासारखी वाटते. भाजी आणायला, शेजारी, कुठेही. एकटा माणूस असतो तेव्हा दुसरं माणूस यायचं असू शकतं. पण मी तुझ्या दारात आलो आणि तू दार उघडलंस, की तू माझ्या मागे बघणार. मी तुझ्या मागे बघणार. आणि आपण दोघंच आहोत हे आपल्या दोघांनाही एकदमच दिसणार. तेवढं मला नको होतं. इकडे मी तिला अजून हातात धरून बसलोय गं. टाकवत नाही.

तुला काय वाटत असेल याचा विचार केला नाही असं नाही. केला, आणि मग लिफ्टला तेल घालायला गेलो.

बरं. दहा तारखेला संध्याकाळी मी हॉटेलात पोचतो. तुझ्याकडे उतरणार नाही, हॉटेल फुकट आहे, तसदी नको. स्पर्धा अकरा वाजता सुरू होते, दिवसभर चालेल. मी लवकर बाद झालो तर बघू. हा ‘बघू’ खोडणार होतो, पण राहू दे, तुला मी खराखुरा तरी वाटेन.

वायसर आणतोय. डबाभर आहेत, बॅग जड झालीय. कपाटाखालचाही घेतला.

बाबा


११ एप्रिल, शनिवार

ठमे,

हे पत्र पेटीत पडणार नाही. स्पर्धेच्या नियमांचा छापील कागद आहे, त्याच्या मागच्या बाजूला लिहितोय. मांडीवर ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. तुझ्या इमारतीच्या जिन्यात बसलोय, तिसरा आणि चौथा मजला यांच्या मध्ये.

सकाळी स्पर्धेला गेलो होतो. मोठं सभागृह, टेबलांच्या रांगाच रांगा. माझं नाव तपासलं, खुर्चीचा नंबर दिला, माझ्या जागी चिप्सचे उभे ढीग मांडून ठेवले होते. इतक्या चिप्स मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, “बसा ना काका.” मी म्हणालो, “आलोच जरा हवा खाऊन.” आणि खाली आलो, आणि चालत सुटलो. पत्ता मला पाठ आहे. पाकिटावर इतक्यांदा लिहिलाय.

तुमची लिफ्ट दार लावताना धक्का देते, आणि दुसऱ्या मजल्यावरून जाताना कण्हते. मी तिच्यातून चौथ्यावर आलो, तुझं दार बघितलं, आणि पुन्हा खाली गेलो. पुन्हा वर. पुन्हा खाली. तेवढ्यात खाली काठीवाले एक गृहस्थ आत आले. मी दाराच्या पट्टीला कान लावून उभा होतो.

“आलात एकदाचे!” ते म्हणाले. “महिनाभर बोंबलतोय आम्ही. काय झालंय हिला?”

आणि माझ्या तोंडून गेलं, “वरच्या मोटरच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?”

बघ आता. पाय त्यांच्या मागे वळलेसुद्धा होते. वर जाऊन मोटर बघितली असती, हात काळे केले असते, त्यांनी चहा दिला असता, पार दुपार झाली असती. आणि मग अशा हातांनी लेकीकडे कसं जायचं म्हणून मी निघून गेलो असतो. मला ते सगळं टेबलावरच्या त्या तिसऱ्या दश्शीसारखं स्पष्ट दिसलं. आणि तेच बरं वाटणं, छातीवरचं ओझं उतरल्याचं. मी ओळखलं त्याला.

“मी लिफ्टवाला नाही,” मी म्हणालो. “चौथ्या मजल्यावर माझी मुलगी राहते.”

ते गोंधळले. “अहो, मग लिफ्टचं?”

“धोका नाही तिला, मी कान लावून ऐकलंय. तिचा माणूस येईपर्यंत चालेल.”

आणि जिन्यानं वर आलो. मध्येच धाप लागली म्हणून बसलो, असं म्हणणार होतो. धाप लागलेली नाही. भीती वाटतेय.

वरून तुझा आवाज आला आत्ता. काहीतरी शोधत होतीस, ‘इथेच तर ठेवलं होतं’ म्हणालीस. अगदी तुझ्या आईसारखं. मला वाटलं होतं ते ऐकून मी जिना उतरून पळत सुटेन. रडू आलं, पण बसल्या जागीच आलं आणि थांबलंही. म्हणजे ते जमतं.

तिकडे खेळ सुरू झाला असेल. माझ्या खुर्चीपुढे दोन दोन पत्ते येऊन पडत असतील आणि वाटणारा ते न बघता परत घेत असेल. त्यात कधी एक्केही येतील. येऊ देत.

कॉटवरचे कपडे हलवू नकोस, मी कडेला बसेन. हा कागद आता घडी घालून खिशात ठेवतो आणि बेल वाजवतो. दार उघडल्यावर तू माझ्या मागे बघशील. बघ. मीही बघेन. उघडायला वेळ घेतलास तरी चालेल, तिकडे माझी खुर्ची खेळतेय.

बाबा